हजेरीपटातले पूर्वज

पानाच्या माथ्यावर बॅरनीचे, म्हणजे आपल्याकडच्या परगण्यासारख्या विभागाचे नाव. त्याखाली जमीनदाराचे नाव, त्याला किती एकर जमीन मिळाली आहे तो आकडा, आणि ही त्याची माणसे व हत्यारे असा मथळा. मग एकाखाली एक नावे आणि कोणाजवळ काय आहे त्याची नोंद: तलवार आणि लांब भाला, तलवार आणि चकमकीची बंदूक, नुसती तलवार, काहीच नाही. वय नाही, बापाचे नाव नाही, वाडीचे नाव नाही, बायकामुलांचा तर उल्लेखही नाही. आयर्लंडच्या उत्तरेकडील अल्स्टर प्रांताची साधारण १६३० सालची ही हजेरी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत एका जाड बाडात आहे. नऊ काउंट्यांमधल्या तेरा हजारांहून जास्त पुरुषांची नावे तिच्यात सापडतात. बाडावर साल घातलेले नाही; ते अभ्यासकांनी इतर कागदांवरून ठरवले, म्हणूनच ते सांगताना ‘साधारण’ म्हणावे लागते.

आयर्लंडमध्ये मूळ असलेल्या माणसाला आपले घराणे मागे नेता नेता हमखास एका भिंतीशी थांबावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जमीनमोजणीचे आणि सारापट्टीचे कागद साथ देतात. त्याच्या मागे गेले की चर्चची जन्ममृत्यूची बुके तुटक होत जातात आणि सतराव्या शतकात शिरल्यावर तर सामान्य शेतकरी कागदावर दिसेनासाच होतो. दिसतो तो दोन प्रसंगी: त्याच्याकडून कर घ्यायचा असतो तेव्हा आणि त्याने लढायला उभे राहायचे असते तेव्हा. हे पुस्तक या दुसऱ्या प्रसंगाच्या कागदांविषयी आहे.

या याद्यांकडे बहुतेक लोक आपले आडनाव शोधायला येतात. सूची उघडायची, बोट फिरवायचे, आडनाव सापडले की ‘हेच आमचे मूळ पुरुष’ म्हणून वंशावळीच्या शेंड्यावर ते चढवायचे. अशा वंशावळी मी पुष्कळ पाहिल्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याचशा पहिल्या प्रश्नालाच कोसळतात. माझे सांगणे असे की, शोध नावापासून सुरू करू नये. आधी पान कोणाचे आहे ते पाहावे, मग ते का लिहिले गेले ते, मग शेजारी कोण उभे आहेत ते. आपल्या माणसाचे नाव सगळ्यात शेवटी. ही यादी माणसांची नोंद ठेवण्यासाठी केलेलीच नव्हती. ती जमीनदाराने सरकारशी केलेला करार पाळला की नाही, हे तपासण्यासाठी केली होती. हे लक्षात घेतले की तिच्यातली प्रत्येक ओळ वेगळी दिसू लागते.

करार कसला, तर जमिनीचा. १६०७ च्या सप्टेंबरात टायरोनचा अर्ल ह्यू ओनील आणि टिरकॉनेलचा अर्ल रोरी ओडॉनेल डोनेगलमधल्या रॅथमुलनच्या किनाऱ्यावरून गलबतात बसले आणि युरोपकडे निघून गेले. अल्स्टरची जुनी गेलिक सत्ता त्यांच्याबरोबर संपली. डोनेगल, टायरोन, फर्माना, आर्मा, कॅव्हन आणि आज लंडनडेरी म्हणतात ती, अशा सहा काउंट्यांमधली जमीन राजा पहिल्या जेम्सने खालसा केली आणि १६१० पासून ती इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या लोकांना वाटायला काढली. एक हजार, दीड हजार, दोन हजार एकरांचे तुकडे पाडले. ज्याला हजार एकर मिळाले त्याने चोवीस धडधाकट इंग्रज किंवा स्कॉटिश पुरुष, निदान दहा कुटुंबांतले, आणून वसवायचे. तटबंदीचे आवार बांधायचे. आणि घरात कुळांना पुरेल इतका हत्यारांचा साठा कायम तयार ठेवायचा. लंडनडेरी काउंटी तर लंडन शहराच्या बारा व्यापारी कंपन्यांनाच दिली. कापडवाले, मासळीवाले, सोनार, मीठवाले, दारूवाले अशा त्या जुन्या पेठांच्या संस्था. त्यांनी बॅलीकेली, मनीमोर, माघेराफेल्ट अशी गावे उभी केली. अँट्रिम आणि डाउन या पूर्वेकडच्या दोन काउंट्या या सरकारी वाटपात नव्हत्या. तिथे हॅमिल्टन आणि मॉन्टगोमेरी यांच्यासारख्या स्कॉटिश सरदारांनी थोडे आधीपासूनच आपली माणसे आणली होती. हजेरीत मात्र त्याही आहेत.

म्हणजे हजेरी घेणारा सरकारी अधिकारी, मस्टर-मास्टर लेफ्टनंट विल्यम ग्रॅहम, गावोगाव फिरून माणसे उभी करत होता, तेव्हा त्याच्यापुढचे प्रश्न दोन होते. जमीनदाराने वसवायची तेवढी माणसे खरोखर वसवली का? आणि उद्या स्पेनची गलबते किनाऱ्याला लागली किंवा हुसकलेले लोक डोंगरातून परत आले, तर ही माणसे कशाने लढणार? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर फारसे दिलासा देणारे नव्हते. कित्येक जमीनदारांच्या पानांवर ‘हत्यार नाही’ या सदराखाली नावांच्या रांगाच्या रांगा आहेत.

या हत्यारांवर थोडे थांबायला हवे, कारण वंशावळ लावणारे नेमके इथेच घाई करतात. चकमकीची बंदूक त्या काळी नव्या धर्तीची आणि महाग. तोड्याच्या बंदुकीला पेटती वात सांभाळावी लागे, आणि आयर्लंडच्या पावसात ती किती वेळ पेटती राहणार? गारगोटी आपटून ठिणगी पाडणारी बंदूक तिथे खरी उपयोगाची. मग एखाद्याच्या नावापुढे ती दिसली की तो सुखवस्तू असणार, निदान बऱ्या जमिनीचा कूळ असणार, असे चटकन वाटते. पण करारातली अट आठवा. हत्यारांचा साठा जमीनदाराने घरात ठेवायचा होता. हजेरीच्या दिवशी तो बाहेर काढून वाटून दिला की कोणाच्या हातात भाला येई, कोणाच्या हातात बंदूक. तेव्हा हातातल्या हत्यारावरून माणसाची ऐपत सांगता येत नाही. पान पूर्ण वाचले तर जमीनदाराची मात्र सांगता येते. ज्या पानावर भाले आणि बंदुका भरपूर, तिथला मालक जागेवर राहणारा, लक्ष घालणारा असण्याचा संभव जास्त. ज्या पानावर माणसे थोडी आणि तीही बिनहत्यारी, तिथे मालक बहुधा स्कॉटलंडात किंवा लंडनमध्ये बसलेला आणि जमीन गुमास्त्याच्या हाती. कुळाचे पुढे काय झाले, ते टिकले की दुसऱ्या मालकाकडे गेले, हे समजायला ही माहिती नावाच्या अक्षरांपेक्षा कितीतरी उपयोगी पडते.

एक उदाहरण जवळून पाहू. फर्माना काउंटीत आर्मस्ट्राँग, जॉन्स्टन आणि इलियट ही आडनावे आजही इतकी आहेत की, एखाद्या गावात ती सोडून चौथे शोधावे लागेल. ही मूळची इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरची घराणी. गुरे पळवणे आणि सूड घेणे यांवर तिथल्या पिढ्या जगल्या. १६०३ मध्ये दोन्ही देशांचा राजा एकच झाला आणि त्याने सीमेवर फाशी आणि हद्दपारीचा सपाटा लावला. त्यातून निसटलेले पुष्कळ लोक फर्मानाच्या तळ्याकाठी येऊन राहिले. म्हणून हजेरीत आर्मस्ट्राँग शोधणाऱ्याची निराशा कधी होत नाही. अडचण नेमकी हीच आहे. जॉन, विल्यम, टॉमस, जॉर्ज अशी मूठभर नावे आणि एकच आडनाव. एकाच काउंटीत एकाच नावाची अनेक माणसे. त्यांतला आपला कोणता, हे सूची सांगू शकत नाही.

इथे पान वाचावे लागते. आपला आर्मस्ट्राँग लर्ग बॅरनीत आहे की क्लॅनकेलीत? कोणत्या मालकाच्या मथळ्याखाली आहे? ती जमीन पुढे कोणाकडे गेली? सतराव्या शतकात इस्टेटी विकल्या गेल्या, लग्नात दिल्या गेल्या, कर्जात बुडाल्या, पण जमीन जागेवरच राहिली. त्या इस्टेटीचे खंडाचे कागद आणि भाडेपट्टे बेलफास्टच्या सरकारी दप्तरखान्यात असण्याची शक्यता मोठी. १६६० च्या दशकात प्रत्येक चुलीमागे दोन शिलिंग कर बसला. त्याच्या याद्या जिथे उरल्या आहेत तिथे वाडीवार आहेत. हजेरीतल्या पानावर आपल्या माणसाच्या वरखाली जी सातआठ आडनावे आहेत, तीच तीसपस्तीस वर्षांनंतरच्या चूलपट्टीच्या यादीत एका गावात पुन्हा एकत्र दिसली, तर पाय जमिनीला लागले. एकटे नाव जुळले तर तो योगायोग असू शकतो. शेजार जुळला तर मात्र तो योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

मथळ्यातल्या मालकाचे आणखी एक मोल आहे. स्कॉटिश मालक बहुतेक वेळा आपल्या मूळच्या जमिनीवरची, आपल्या नात्यागोत्यातली माणसे घेऊन समुद्र ओलांडत. टायरोनमधल्या स्ट्रबेनच्या आसपास ॲबरकॉर्नचा अर्ल हॅमिल्टन होता, त्याचे घराणे ग्लासगोजवळच्या पेझ्लीचे. डोनेगलच्या पूर्व भागात कनिंगहॅम घराण्याच्या जमिनी होत्या. ते लोक एअरशायरचे. तेव्हा हजेरीतल्या कुळाचे स्कॉटलंडातले गाव शोधायचे असेल, तर त्याच्या आडनावाच्या मागे साऱ्या स्कॉटलंडभर फिरण्याऐवजी त्याच्या मालकाच्या गावापासून सुरुवात करावी. एम. पर्सिव्हल-मॅक्सवेल यांनी पहिल्या जेम्सच्या काळातल्या स्कॉटिश स्थलांतरावर १९७३ मध्ये जे पुस्तक लिहिले, त्यात हा रस्ता चांगला आखून दिला आहे. आणि १६३० च्या हजेरीवर रॉबर्ट हंटर यांनी आयुष्याची वर्षानुवर्षे घातली. त्यांच्या निधनानंतर, २०१२ मध्ये, ती सगळी नावे इस्टेटवार लावून अल्स्टर हिस्टॉरिकल फाउंडेशनने छापली. घरबसल्या शोध घेणाऱ्याला आज जे सहज मिळते, त्यामागे त्या माणसाची चिकाटी आहे. तिचे ऋण मान्य केल्याखेरीज या विषयावर एक ओळही लिहू नये, असे मला वाटते.

स्पेलिंगबद्दल फार लिहीत नाही. लेखनिकाने कानाला ऐकू आले ते लिहिले. कनिंगहॅम चार तऱ्हांनी येतो, इलियट त्याहून जास्त, आणि जॉन्स्टन आणि जॉन्सन यांत फरक करण्याची गरज कोणाला वाटली नव्हती. आडनाव मोठ्याने म्हणून पाहावे आणि तसे ऐकू येणारे सगळे शोधावे, इतके पुरे.

आता या पानांवर कोण नाही, ते. बायका नाहीत, मुले नाहीत, म्हातारे नाहीत, हे उघड आहे. साधारण सोळा ते साठ वयाचा, उभा राहू शकेल असा पुरुष एवढाच हजेरीचा विषय. पण मुळात त्या भूमीची जी माणसे, ती गेलिक आयरिश माणसे, जवळजवळ नाहीतच. करारानुसार बहुतेक इस्टेटींवर आयरिश कुळे ठेवायलाच बंदी होती. प्रत्यक्षात ती सर्वत्र होती, कारण ती जास्त खंड द्यायला तयार होती आणि त्यांच्याशिवाय शेते कसली जात नव्हती. मालकाला त्यांचा पैसा हवा होता; सरकारी लेखनिकापुढे ती दिसायला नको होती. ज्यांच्या विरुद्ध लढायची तयारी चालली होती त्यांच्या हाती भाला देऊन त्यांना रांगेत उभे करणार तरी कोण? त्यामुळे ओनील, मॅग्वायर, ओरायली, मॅकमॅहन यांच्या वंशजांनी १६३० ची हजेरी उघडली तर आपण तिथे नव्हतोच असे त्यांना वाटेल. ते तिथेच होते. या यादीने त्यांना मोजले नाही, इतकेच. मी हे ठासून सांगतो आहे, कारण ज्यांची नावे याद्यांत उरली त्यांचाच इतिहास लिहिला जातो, आणि वंशावळ लावणाऱ्याने तरी ती चूक पुढे नेऊ नये.

आयरिश घराण्यांचा माग काढायला निराळे कागद लागतात. एलिझाबेथ राणीच्या काळात बंडानंतर माफी मिळालेल्यांच्या लांबलचक याद्या सरकारी आज्ञापत्रांत उतरल्या आहेत. त्यांत स्वार आहेत, पायदळातले साधे शिपाई आहेत, शेतकरी आहेत, आणि गावाचे, कधी बापाचे, कधी आजोबाचेही नाव आहे, कारण गेलिक रीतीत माणसाची ओळखच तशी सांगत. गंमत अशी की, राणीने ज्यांना शत्रू मानले त्यांच्याबद्दल कित्येकदा तिच्या कागदांतूनच जास्त कळते. या माफीपत्रांचे मूळ कागद पुढे जळाले, पण एकोणिसाव्या शतकात त्यांचे सारांश छापून झाले होते, म्हणून ती नावे वाचली.

जळण्याची गोष्ट सांगायलाच हवी. डब्लिनमध्ये लिफी नदीकाठी फोर कोर्ट्‌स ही न्यायालयांची इमारत आहे. तिच्या आवारात आयर्लंडचा सरकारी दप्तरखाना होता. १९२२ च्या एप्रिलपासून इंग्लंडशी झालेला तह न मानणाऱ्या सैनिकांनी तिथे ठाण मांडले. २८ जूनला नव्या आयरिश सरकारच्या तोफा सुरू झाल्या आणि ३० जूनला दप्तरखान्यात प्रचंड स्फोट होऊन आग लागली. सात शतकांचे कागद गेले. जळके कपटे शहरभर पडले, पार समुद्रकाठच्या होथपर्यंत उडत गेले. त्या खान्यात काय काय होते हे आपल्याला ठाऊक आहे, कारण हर्बर्ट वुड यांनी १९१९ मध्ये, आगीच्या जेमतेम तीन वर्षे आधी, त्याची मार्गदर्शक सूची छापली होती. ती सूची वाचणे आजही जड जाते.

या आगीमुळे एक नियम तयार झाला आहे: कागद कोणाकडे होता यावर तो उरला की नाही हे ठरले. १६३० ची हजेरी लंडनला गेलेली होती, म्हणून उरली. ज्या फौजांचा पगार लंडनच्या संसदेने दिला, त्यांच्या याद्या हिशेबाबरोबर लंडनलाच गेल्या, त्या क्यूच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात आहेत. ऑर्मंडच्या ड्यूकचे सैनिकी कागद त्याच्या किल्केनीच्या किल्ल्यात होते. त्यांचे खंड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छापायला सुरुवात झाली. काही नकला एखाद्या खासगी वंशशोधकाच्या वहीत राहिल्या. टेनिसन ग्रोव्ह्‌ज यांनी आगीपूर्वी दप्तरखान्यात बसून पानेच्या पाने उतरून घेतली होती, ती आज बेलफास्टला आहेत. आणि आगीला शंभर वर्षे झाली तेव्हा, २०२२ मध्ये, जगभरच्या संग्रहांतल्या अशा नकला जोडून ‘व्हर्च्युअल रेकॉर्ड ट्रेझरी’ या नावाने तो दप्तरखाना पुन्हा उभा करण्याचे काम सर्वांसाठी खुले झाले. शोध घेणाऱ्याने आता पहिला दरवाजा तोच ठोठवावा.

१६३० नंतरचा मोठा टप्पा म्हणजे १६४१-४२. ऑक्टोबर १६४१ मध्ये अल्स्टरमध्ये आयरिशांनी उठाव केला, आणि जी कुळे अकरा-बारा वर्षांपूर्वी मालकाच्या मथळ्याखाली उभी होती, त्यांतली पुष्कळ आता खरोखर पलटणीत उभी राहिली. डोनेगलच्या पूर्वेला सर विल्यम आणि सर रॉबर्ट स्ट्यूअर्ट यांनी फौजा उभारल्या. एप्रिल १६४२ मध्ये मेजर जनरल मन्रो स्कॉटिश फौज घेऊन कॅरिकफर्गसला उतरला. या काळच्या याद्यांची रचना निराळी आहे. आता मथळ्यावर जमीनदार नाही, कॅप्टन आहे. खाली लेफ्टनंट, सार्जंट, ढोलवाले आणि मग शिपाई. पण कॅप्टन बहुतेक वेळा जमीनदारच किंवा त्याचा नातलग, आणि शिपाई त्याच्याच इस्टेटीवरचे. म्हणून १६३० चे पान आणि १६४२ चे पान शेजारी ठेवून वाचता येते: कोण दोन्हीकडे आहे, कोण गायब झाला, कोणाच्या जागी त्याच आडनावाचा नवा मुलगा आला. बाप आणि लेक यांच्या नात्याचा पुरावा यातून मिळत नाही. पण कुठे शोधायचा ते मात्र कळते.

इथे तारखेचा एक धोका आहे. त्या काळी तिकडे वर्ष २५ मार्चला सुरू होई. तेव्हा कागदावर ‘फेब्रुवारी १६४१’ असेल, तर आपल्या हिशेबाने तो फेब्रुवारी १६४२, म्हणजे उठावाच्या नंतरचा. हे विसरून कित्येकांनी उठावाच्या आधीच सैन्य उभे करून ठेवले आहे.

आणि बायका इथे पहिल्यांदा बोलतात. उठावात घरदार गमावलेल्या प्रोटेस्टंट लोकांच्या जबान्या नोंदवल्या गेल्या. सुमारे आठ हजार जबान्या डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात १७४१ पासून जतन केल्या आहेत आणि आता संगणकावर वाचता येतात. त्यांत अमक्या गावची अमक्याची विधवा येते, नवऱ्याचा धंदा सांगते, किती गाई गेल्या, किती धान्य गेले, मुले वाटेत थंडीने कशी दगावली ते सांगते, लुटणाऱ्या शेजाऱ्यांची नावे घेते. जबानी एका बाजूची आहे, दुःखात आणि रागात दिलेली आहे, ऐकीव गोष्टींनी भरलेली आहे. ती तशी जाणूनच वाचायला हवी. पण हजेरीतल्या एका ओळीच्या माणसाला घर, गोठा, बायको आणि शेजारी मिळतात ते इथेच. हत्यारासकट एक नाव आणि त्याच इस्टेटीवरची एक जबानी ज्याला सापडली, त्याने आपल्या नशिबाचे आभार मानावेत.

पगारी फौजांच्या याद्यांना एक जुना आजार होता. कॅप्टनला माणसांच्या संख्येनुसार पैसा मिळे, म्हणून मेलेला शिपाई यादीत जिवंत राही, पळून गेलेला हजर दिसे, आणि तपासणीच्या दिवशी आसपासची आयरिश माणसे थोड्या पैशात उभी केली जात. सर राल्फ लेन, जो आधी अमेरिकेतल्या रोआनोक वसाहतीचा गव्हर्नर होता, तो १५९२ पासून १६०३ मध्ये मरेपर्यंत आयर्लंडचा मस्टर-मास्टर जनरल होता, आणि ह्यू ओनीलशी चाललेल्या नऊ वर्षांच्या युद्धाची सगळी वर्षे या खोट्या हजेरीशी झगडण्यात गेली. वंशशोधकाने यातून इतकेच घ्यावे की, पगारपत्रकातले नाव म्हणजे माणूस त्या दिवशी त्या जागी होताच असे नव्हे. एका यादीवर विसंबू नये.

१६८९ मध्ये दुसऱ्या जेम्स राजासाठी उभ्या राहिलेल्या कॅथलिक आयरिश फौजेची अधिकाऱ्यांची यादी जॉन डाल्टन या वंशशास्त्रज्ञाने १८५५ मध्ये घराण्यांच्या टिपांसह छापली. कॅथलिक घराण्यांना ती अजून उपयोगी पडते, जरी तिच्यात साधा शिपाई नाही. हरलेली ही फौज १६९१ च्या लिमरिकच्या तहानंतर हजारोंच्या संख्येने फ्रान्सला गेली, आणि कागदाचा माग तिच्यामागे समुद्रापार जातो. फ्रान्सच्या लष्कराने पुढे शिपायांची नोंद-बुके फार नेटकी ठेवली. ती पॅरिसजवळ व्हँसेनला आहेत, आणि इनव्हॅलिड या जखमी सैनिकांच्या आश्रयगृहाच्या बुकांतही आयरिश नावे आहेत. आपल्या देशात ज्याला कोणी नोंदवले नाही, अशा माणसाचे आयर्लंडमधले गाव परक्या देशाच्या लेखनिकाने लिहून ठेवले. २२ जानेवारी १७६० ला तमिळनाडूतल्या वांदिवाशच्या लढाईतला फ्रेंचांचा सेनापती लाली हा अशाच एका आयरिश निर्वासिताचा मुलगा होता, त्याच्याकडे त्याच्या नावाची आयरिश पलटण होती. आणि त्याला हरवणारा इंग्रजांचा आयर कूट लिमरिककडचा.

हिंदुस्थानचे नाव आले, तर मराठी वाचकाच्या अंगणातली गोष्ट सांगतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ईस्ट इंडिया कंपनीला गोऱ्या शिपायांची कायम टंचाई होती, आणि इंग्लंडच्या राजाच्या सैन्यात कायद्याने मज्जाव असलेल्या कॅथलिक आयरिशांना कंपनीने आत घ्यायला सुरुवात केली. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात बंगालच्या फौजेसाठी कंपनीने भरती केलेल्या गोऱ्या शिपायांत जवळजवळ निम्मे आयरिश होते. मुंबई इलाख्याची स्वतःची गोरी पलटण होती, बॉम्बे युरोपियन रेजिमेंट. ५ नोव्हेंबर १८१७ ला पुण्याजवळ खडकीला पेशव्यांच्या फौजेशी लढलेली ती हीच. १८८१ मध्ये तिचे नाव रॉयल डब्लिन फ्युझिलियर्सची दुसरी बटालियन झाले, आणि खडकीचे नाव डब्लिनच्या पलटणीच्या निशाणावर गेले. आयर्लंड स्वतंत्र होताना ही पलटण मोडली. १२ जून १९२२ ला तिची निशाणे विंडसरला राजाच्या हवाली झाली, दप्तरखाना जळण्याच्या अठरा दिवस आधी.

मुंबईच्या या फौजेचे हजेरीपट अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासूनचे आहेत आणि तेही ब्रिटिश लायब्ररीत, कंपनीच्या दप्तरात आहेत. आयर्लंडच्या जुन्या हजेऱ्यांशी ताडून पाहिले तर ते किती बोलके वाटतात! शिपाई कोणत्या काउंटीचा, मूळ धंदा काय, कोणत्या जहाजाने कोणत्या साली आला, हे अनेक पटांत आहे. पुणे, खडकी, देवळाली, भुसावळ इथल्या छावण्यांत आणि रेल्वे वसाहतींत ज्या अँग्लो-इंडियन कुटुंबांचे आजोबा-पणजोबा राहिले, त्यांच्यातल्या कितीतरी जणांचा आयरिश मूळ पुरुष या पटांत आहे. त्यांचा शोध उलट्या दिशेने चालतो: आधी इथल्या चर्चमधले लग्न किंवा बाप्तिस्मा, त्यात पलटणीचे नाव, मग पलटणीचा पट, पटातून काउंटी आणि जहाज, आणि तेथून आयर्लंडमध्ये. काउंटी कळली की मग सुमारे साठ हजार वाड्यांच्या त्या देशात योग्य वाडी शोधायचे काम उरते. ते मोठे आहे, पण हाती धागा असतो. नशीब चांगले असेल आणि घराणे अल्स्टरचे, वसाहतवाल्यांपैकी असेल, तर धागा पुढे अठराव्या शतकातून मागे सरकत चूलपट्टीपर्यंत आणि कधीतरी १६३० च्या पानापर्यंत जातो. अधल्यामधल्या पायऱ्या आहेत: १७९६ ची फ्लॅक्सची, म्हणजे जवसाची लागवड करणाऱ्यांची यादी, १७६६ ची धर्मवार गणना, १७४० ची प्रोटेस्टंट घरमालकांची यादी. कुठे तुटक्या, कुठे शाबूत. एखादी पायरी नसेल तर तिथे उडी मारू नये. वंशावळीत तेवढी जागा मोकळी ठेवावी आणि तशी ती लिहावी.

पुस्तकाची मांडणी या विचारानेच केली आहे. पहिल्या प्रकरणात एकही यादी नाही. नऊ काउंट्यांच्या बॅरनींचे नकाशे आणि कोणत्या बॅरनीत १६१० ते १६३० या काळात जमीन कोणाकोणाच्या हातून गेली त्याची कोष्टके आहेत. दुसऱ्यात १६३० ची पाने इस्टेटवार आहेत, तिसऱ्यात १६४२ च्या सैनिकी तुकड्या त्यांच्या शेजारी लावल्या आहेत. आडनावांची सूची अगदी शेवटी, मागच्या पुठ्ठ्याजवळ दिली आहे. ती आधी उघडण्याचा मोह वाचकाने आवरावा, आणि आपल्या कुटुंबाविषयी ठामपणे माहीत असलेले सर्वात जुने ठिकाण एका कागदावर लिहून मगच पहिल्या नकाशाकडे वळावे.